रजनीच्या मागे राहिलेली प्रिया

मागच्या महिन्यात एका फूड कोर्टमध्ये पाण्याच्या बाटलीवरून माझं भांडण झालं. बाटलीवर छापलेली किंमत २० रुपये आणि बिल ४० चं. मी बाटली काउंटरवर उलटी फिरवून छापील किंमत दाखवली, काउंटरवरच्या मुलाने खांदे उडवले, मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी मॅनेजर आला आणि २० रुपये परत मिळाले. तोवर माझे कान लाल झाले होते. बरोबर आत्या होती. बाहेर पडताना ती हसत हसत म्हणाली की घरात एक रजनी तयार झाली बरं का. मी विचारलं, कोण रजनी? रजनीकांतशी काही संबंध? आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरणार नाही.

मास कॉमच्या तीन वर्षांत आम्हाला 'हम लोग' शिकवलं, 'बुनियाद' शिकवलं, 'रामायण'च्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे ते तर तीन वेगवेगळ्या सरांनी सांगितलं. 'रजनी' मात्र एका स्लाइडवरच्या एका ओळीत संपली होती. तिचं काम करणाऱ्या प्रिया तेंडुलकरचं नाव त्या ओळीत होतं की नाही, तेही मला आठवत नाही. म्हणून हा लेख.

प्रियाचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा, मुंबईतला. वडील विजय तेंडुलकर. मराठी नाटकाशी ज्यांचा दुरूनही संबंध आहे त्यांना हे नाव सांगायला नको, आणि ज्यांचा नाही त्यांनी निदान फिरोदिया किंवा पुरुषोत्तमच्या तालमीत कुणीतरी 'शांतता! कोर्ट चालू आहे'तला उतारा म्हणताना ऐकलेला असतो. १९७२ साली प्रिया अठराची होत होती, म्हणजे साधारण आपल्या एफवायच्या वयाची. त्याच वर्षी वडिलांच्या 'सखाराम बाइंडर'वर बंदी आली, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, आणि वर्ष संपता संपता 'घाशीराम कोतवाल'वरून वेगळंच वादळ उठलं. आपल्या बाबांचं नाव रोज पेपरात, आणि तेही कुणीतरी शिव्या देतंय म्हणून, अशा घरात ती कॉलेजच्या वयाची झाली. आडनाव मोठं असलं की दारं उघडतात हे खरं आहे. पण हे आडनाव असं होतं की त्या काळात काही दारं ते ऐकून धाडकन बंदही होत असणार.

स्टेजवर ती आली ती बाहुली होऊन. गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' सत्यदेव दुबे यांनी बसवलं, त्यात दोन बाहुल्यांपैकी एक प्रिया होती. दुसरी होती कल्पना लाजमी, पुढे 'रुदाली' करणारी दिग्दर्शिका. तेव्हा दोघीही विशीच्या आतल्या. नाटक माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. पद्मिनीच्या बाळासाठी जत्रेतून आणलेल्या या बाहुल्या घरात नुसत्या बसून असतात. पण त्यांना सगळं कळत असतं. नवऱ्याचे राकट हात हळूहळू मऊ होत चाललेत, पद्मिनीला रात्री कुणाची स्वप्नं पडतात, हे त्या आपसात कुजबुजतात. घरातल्या माणसांना त्यांचं बोलणं ऐकू येत नाही, ते फक्त प्रेक्षकांना ऐकू येतं. ही बाहुली लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचंय.

पुढची काही वर्षं तिने जे हाती येईल ते केलं, आणि मला हा भाग फार आवडतो, कारण त्यात करिअर प्लॅन वगैरे काहीही दिसत नाही. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट. मग हवाई सुंदरी. मधल्या वेळात मॉडेलिंग. टीव्हीवर बातम्याही वाचल्या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे टीव्ही हे माध्यमच तेव्हा इंटर्नशिपवर होतं म्हणा ना. आज आपल्या बायोमध्ये चार तिरप्या रेघा मारून चार कामं लिहिली की आपण स्वतःला मल्टिटास्कर म्हणवतो. तिच्या पिढीतल्या मध्यमवर्गीय मराठी मुलीने हॉटेलच्या काउंटरवर उभं राहणं किंवा विमानात ट्रे घेऊन फिरणं याकडे लोक कसं बघत असतील याचा विचार केला, की त्या यादीचा अर्थ बदलतो. या नोकऱ्यांनी तिला एक गोष्ट नक्की दिली असावी. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपण कसे दिसतो, हे काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१९७४ मध्ये श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. तो शबाना आझमींचा पहिला सिनेमा म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो. त्यात जमीनदाराच्या मुलाची, म्हणजे अनंत नागची, कोवळ्या वयाची बायको प्रियाने केली आहे. ती सासरी येते आणि घरातली हवा हुंगून काय चाललंय ते ओळखते. रोल छोटा आहे, संवाद थोडे आहेत. पण त्या मुलीचा तो गप्प, ताठ चेहरा बघा एकदा. पुढे १९८० मध्ये शंकर नाग यांच्या 'मिंचिन ओटा' या कन्नड सिनेमातही ती दिसली. मराठीत तिने अशोक सराफ, रवींद्र महाजनी, महेश कोठारे यांच्याबरोबर डझनभर तरी सिनेमे केले. 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' ही त्यातली नावं. मराठी नाटकंही चालू होती. खरं सांगायचं तर ती एव्हाना एक ओळखीचा चेहरा होती, स्टार नव्हती. तिशी आली होती, आणि हिरोइनच्या हिशेबात तिशी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. तेव्हाचा हिशेब आजच्यापेक्षाही कडक.

मग आलं १९८५.

त्या वेळच्या भारताची कल्पना करायला मला आत्याची मदत घ्यावी लागली. चॅनेल एकच, दूरदर्शन. गॅसचं कनेक्शन मिळायला नंबर लावायचा आणि वर्षं मोजायची. टेलिफोनचंही तेच. सिलिंडर संपला की एजन्सीत खेटे घालायचे आणि तिथल्या माणसाशी गोड बोलायचं, कारण तो रागावला तर पुढचा सिलिंडर आणखी उशिरा. गिऱ्हाइकाने दुकानदाराला घाबरायचं, असा सगळा उलटा कारभार. तक्रार करायची कुठे? टॅग करायला ना कंपनीचं अकाउंट, ना रिव्ह्यूचे स्टार. फार तर पेपरात वाचकांचा पत्रव्यवहार.

अशा घराघरांत रविवारी सकाळी एक साडी नेसलेली गृहिणी टीव्हीवर यायला लागली आणि प्रश्न विचारायला लागली. बासू चटर्जी यांनी ही मालिका केली होती. हे तेच 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात'वाले, ज्यांना साध्या माणसांचं साधेपण कळायचं. या भूमिकेसाठी आधी पद्मिनी कोल्हापुरे यांना घ्यायचं चाललं होतं, पण ते जमलं नाही आणि रोल प्रियाकडे आला. रजनीकडे ना पद, ना पैसा, ना पोलिसातला भाऊ. नवरा, मुलगी, स्वयंपाकघर असं चारचौघींसारखं घर. गॅसवाला अडवतो, टॅक्सीवाला यायला नाही म्हणतो, आणि बाकीचे लोक मान खाली घालून पुढे जातात, तिथे ही थांबते. एवढंच तिचं बळ.

यूट्यूबवर या मालिकेचे काही भाग आहेत. प्रिंट धुरकट आहे, सेट पत्त्यांच्या बंगल्यासारखा हलतो. पहिल्या पाच मिनिटांत मी मोबाइल हातात घेतला होता. पण दहाव्या मिनिटाला ठेवून दिला. कारण ती बाई ओरडत नाही. मला वाटलं होतं रजनी म्हणजे चिडकी, तडकणारी कुणीतरी असेल. प्रियाने तिला हसरी केलंय. ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून, जरा मान कलती करून, साधा प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलत नाही. फूड कोर्टमध्ये माझा आवाज चिरकला होता, हात थरथरत होते. हे कसब वेगळं आहे, आणि हॉटेलच्या काउंटरवर काढलेल्या दिवसांचा त्यात वाटा आहे असं माझं आपलं मत.

परिणाम काय झाला? रजनी हे नाव सामान्यनाम झालं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेब मागणारी बाई, वजनात मारलं म्हणून भाजीवाल्याशी वाद घालणारी बाई, मुलाच्या शाळेत फीची पावती मागणारी बाई, सगळ्या रजनी. कधी कौतुकाने, बऱ्याचदा टोमणा म्हणून. लोक रस्त्यात प्रियाला थांबवून आपली गाऱ्हाणी सांगायचे, जणू तिच्या पर्समध्ये सरकारी शिक्का होता. टॅक्सीचा भाग लागला तेव्हा मुंबईतले टॅक्सीवाले इतके भडकले की त्यांचा मोर्चा थेट दूरदर्शनवर गेला. काल्पनिक बाईविरुद्ध खराखुरा मोर्चा! आजचं ट्रोलिंग त्यापुढे अगदीच फुसकं वाटतं, निदान ते लोक उन्हात चालत तरी आले होते.

अर्थात टॅक्सीवाल्यांचं सगळंच चुकलं होतं असं मला वाटत नाही. 'रजनी' आज बघताना एक गोष्ट खटकते. तिच्या तावडीत सापडणारा माणूस बऱ्याचदा खालच्या पायरीवरचा असतो. सिलिंडर उचलणारा, टॅक्सी हाकणारा, टेबलाच्या अलीकडचा कारकून. रांगा ज्यांच्या धोरणामुळे लागल्या ते कधी फ्रेममध्ये येत नाहीत. आणि अर्ध्या तासात प्रश्न सुटतो, तो कुठे सुटतो खऱ्या आयुष्यात? पण सरकारी चॅनेलवर, एकुलत्या एका चॅनेलवर, हे एवढं तरी दाखवलं जात होतं. ग्राहक पंचायत पुण्या-मुंबईत सत्तरच्या दशकातच उभी राहिली होती, चळवळीतली माणसं वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होती. ग्राहक संरक्षण कायदा आला २४ डिसेंबर १९८६ ला, 'रजनी'नंतर वर्षभराने. कायदा मालिकेमुळे आला म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण कायदा आला तेव्हा तो कशासाठी आहे हे घरातल्या बाईला वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल, एवढं तर आपण म्हणू शकतो.

आणि प्रिया? नटीच्या आयुष्यात एवढा मोठा रोल येणं म्हणजे लॉटरी, असं आपल्याला वाटतं. त्या लॉटरीची एक किंमत असते. लोकांना प्रिया नको होती, रजनी हवी होती. समारंभाला बोलावतात ते रजनीला, भाषण ऐकायचंय ते रजनीचं, तिच्याबद्दल लिहितात तेही रजनी म्हणून. आधी ती तेंडुलकरांची मुलगी होती, आता रजनी होती. स्वतःचं नाव दोन्हीकडून दाबलं गेलेलं. रजनीमध्ये तिच्या नवऱ्याचं काम करणारे आणि मालिकेच्या लेखनात सहभागी असणारे करण राजदान यांच्याशी १९८८ मध्ये तिने लग्न केलं. १९९५ मध्ये ते वेगळे झाले. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण ते दोघांचं होतं. एवढंच की टीव्हीवर सगळ्यांचे प्रश्न सोडवणाऱ्या बाईच्या घरात काय झालं याची चर्चा करायला लोकांना जरा जास्तच मजा येते.

वडिलांनी लिहिलेल्या 'स्वयंसिद्धा' या मालिकेत मुख्य भूमिका तिची होती. बाप-लेकीचं हे एकत्र काम मला कुठेही बघायला मिळालं नाही, आणि मिळालं तर मी कॉलेज बुडवून बघेन.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि टीव्हीचा चेहराच बदलला. प्रियाने 'प्रिया तेंडुलकर शो' हा टॉक शो सुरू केला. प्रेक्षक स्टुडिओत बसलेत, अवघड विषयावर वाद चाललाय, आणि हातात माइक घेऊन मधून फिरणारी सूत्रधार एक बाई. आज हे सगळं सवयीचं आहे, तेव्हा आपल्याकडे हा प्रकार नवा होता. आणि बघा, कार्यक्रमाला नाव तिचं होतं. रजनीचं नव्हे. हिंदी सिनेमाने मात्र तिला आई करून टाकलं. 'त्रिमूर्ती' हा सिनेमा १९९५ चा. त्यात ती जॅकी श्रॉफ, अनिल कपूर आणि शाहरुख खान या तिघांची आई होती. अनिल कपूरचा जन्म १९५६ चा, जॅकीचा १९५७ चा. म्हणजे मोठ्या दोन मुलांपेक्षा आई दोन-अडीच वर्षांनी मोठी! हे गणित मी दोनदा करून बघितलं. दोन वर्षांनी 'गुप्त'मध्ये ती बॉबी देओलची आई होती.

आणि त्याच वर्षी, १९९५ मध्ये, झी टीव्हीवर 'हम पाँच' सुरू झालं. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रिपीटमध्ये किंवा क्लिपमध्ये पाहिलं असेल. मीही लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा ही बाई कोण हे माहीत नव्हतं. अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, पाच मुलींचा बाप, दुसऱ्या बायकोच्या आणि मुलींच्या कचाट्यात सापडलेला. मोठा चष्मा लावलेली राधिका म्हणजे तेव्हाची कुणालाच माहीत नसलेली विद्या बालन. आणि भिंतीवर हार घातलेल्या फोटोत आनंदची वारलेली पहिली बायको. ती फोटोतून बोलते. नवऱ्याची खेचते, डोळे मिचकावते, टोमणे मारते, नको तिथे त्याची बाजू घेते आणि हवी तिथे घेत नाही. हातपाय हलवायचे नाहीत, चालायचं नाही, चौकटीच्या बाहेर यायचं नाही. फक्त चेहरा, तोही हाराच्या आतला. जुन्या मराठी सिनेमांतले दोन जोडीदार, एक सोफ्यावर आणि एक भिंतीवर, आणि टायमिंग असं की हसून पोट दुखावं. मला विचाराल तर तिचं सगळ्यात अवघड काम रजनी नव्हतं, हे होतं.

आता ती बाहुली आठवा. 'हयवदन'मधली. कोपऱ्यात बसून सगळं बघणारी, घरातल्यांना जिचा आवाज ऐकू येत नाही ती. वीसेक वर्षांनी तीच मुलगी फोटोच्या चौकटीत बसून घरातलं सगळं बघत होती आणि तिचं बोलणं एका नवऱ्याशिवाय कुणाला ऐकू येत नव्हतं. हा योगायोग आहे हे मला कळतं. पण तो लक्षात आल्यावर मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच बोलले होते, अरेच्चा!

या सगळ्यात एक गोष्ट पार मागे पडते, ती म्हणजे ती लिहायची. मराठीतून. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला', 'असंही', 'पंचतारांकित', 'जावे तिच्या वंशा' ही तिची पुस्तकं. विजय तेंडुलकरांच्या घरात राहून लेखणी हातात धरायची, यासाठी किती निबर कातडं लागत असेल याची कल्पना करा. प्रत्येक वाक्य लोक वडिलांच्या वाक्याशेजारी ठेवून बघणार. मी 'ज्याचा त्याचा प्रश्न' वाचलं. त्यातल्या बायका रजनीसारख्या नाहीत. त्यांचे प्रश्न अर्ध्या तासात सुटत नाहीत, कित्येकदा सुटतच नाहीत. टीव्हीवर जे दाखवता आलं नाही ते तिने इथे ठेवलंय असं वाटत राहतं. आम्हाला दूरदर्शनचा इतिहास शिकवताना तिचं नाव सुटलं ते एकवेळ समजू शकते, पण मराठी कथेबद्दल बोलतानाही ते सहसा कुणी घेत नाही, याचा मात्र राग येतो.

स्तनाच्या कॅन्सरशी ती बराच काळ झगडत होती. शेवटची वर्षं त्या घराला फार वाईट गेली. २००१ मध्ये भाऊ राजा गेला. त्याच वर्षी आई, निर्मलाताई, गेल्या. आणि १९ सप्टेंबर २००२ ला, गुरुवारी, मुंबईत प्रभादेवीच्या घरी प्रियाला हार्ट अटॅक आला. अठ्ठेचाळीसावा वाढदिवस बरोबर महिन्यावर होता. दोन वर्षांच्या आत मुलगा, बायको आणि मुलगी गमावलेले तेंडुलकर त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं जगले. १९ मे २००८ ला ते गेले.

मी जन्मले त्याच्या आधीच ती गेली होती. म्हणजे लहानपणी जेवताना ज्या फोटोतल्या बाईला बघून मी हसायचे, ती तेव्हा खरोखरच फोटोत होती. हे मला हा लेख लिहिताना, तारखा जुळवताना कळलं. तो सीन आता लावला की पहिल्यासारखं हसू येत नाही. तरी मी लावते, आणि तिचं टायमिंग इतकं अचूक आहे की दुसऱ्या-तिसऱ्या टोमण्याला हसायला येतंच.

'ज्याचा त्याचा प्रश्न'ची माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली आहे. पहिल्या पानावर कुणीतरी कुणालातरी वाढदिवसाला दिल्याचं निळ्या शाईत लिहिलंय. मी ती आत्याला वाचायला दिली. तिला रजनी पाठ होती, पण प्रियाने पुस्तकं लिहिलीत हे माहीत नव्हतं. दोन आठवड्यांत देते म्हणाली होती. आता दीड महिना झाला, मागितलं की म्हणते दुसऱ्यांदा वाचतेय.